टबात हात घातला तेव्हा पायात चप्पल होती

देवळी, मंगळवार, जानेवारी २००४

शेठजींकडच्या गरम पाण्याच्या टबाचं काम आज संपवलं. संपवलं कसलं! संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज एकशेसत्तरवर येतं आणि टबातले पाण्याचे जेट नुसते बुडबुडे सोडतात. स्टॅबिलायझर लावला, जोर आला, पण करंट लीक झाला की लाइन तोडणारा ब्रेकर सारखा पडू लागला.

शेठजी वैतागले. "काढून टाका तो. मायच्या गुडघ्यांसाठी घेतला टब, शोभेले नाई."

मी ब्रेकर काढून लाइन डायरेक्ट जोडली. का ऐकलं मी? शिवाय पाण्यात हात घालून दाखवला, "पाहा, काई होत नाई."

घरी आलो, दारात चप्पल काढली आणि तिथंच थबकलो. रबरी चप्पल! टबापाशी ती पायातच होती, म्हणून मला झटका बसला नाही. म्हातारी तर अनवाणी उतरणार.

धावत जाऊन एसटीडीवरून फोन लावला. "मायले टबात बसू देऊ नका, मेन बंद करा!"

"काऊन? तुमीच तं हात घालून दाखवला."

चप्पल घालून दाखवला होता, हे सांगितलं.

तिकडून ओरडणं ऐकू आलं, "माय, थांब वं! पाय नको घालू!"

ब्रेकर अजून माझ्या खिशात आहे. दिवसभर तोच एक खरं बोलत होता.