पिंपांना दिलेली बातमी

हर्मन, मिसूरी
१४ ऑक्टोबर १८७४

प्रिय आईस, समुद्रापलीकडून तुझ्या ओटिलीचा नमस्कार.

आमचे हे आता बरे आहेत. आधी एवढं वाच, मग चष्मा पूस.

गेल्या महिन्यात यांना ताप चढला. डॉक्टरांनी आशा सोडा म्हटलं, तशा यांच्या हेडविग आत्याबाई थेट तळघरात! मालक गेल्याचं पिंपांना सांगितलं नाही तर वाईन आंबते, ही आपल्या ऱ्हाईनकडचीच रीत. प्रत्येक पिंपावर टकटक करून "मालक गेले रे बाळांनो" असं सांगून आल्या. वर येऊन पाहतात तर हे सूप मागताहेत!

"आत्याबाई, जरा दम धरायचा होता!" मी म्हटलं.

"वाईन थांबते होय तुझ्यासाठी?" त्यांनी उलट मलाच सुनावलं.

आता मालक जिवंत असल्याचं पिंपांना कसं कळवायचं, हे इथे कुणालाच ठाऊक नाही. तुला आहे का? तोवर हे स्वतःच रोज सकाळी भिंत धरत खाली जातात, पाचही पिंपं वाजवतात आणि "मी आहे अजून," म्हणतात.

बाबांचे गुडघे कसे आहेत?

मी वर कॉफी करून ठेवते. पाचवी टकटक ऐकू आल्याशिवाय कपात ओतत नाही.

तुझीच,
ओटिली