नवव्या पानापर्यंत

प्रिय सोन्या,

चाळिशी गाठलीस तरी मी तुला सोन्याच म्हणणार. फोन करण्याऐवजी हे लिहिते आहे, कारण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मग मी माझं म्हणणं गिळते. काल तुझ्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, आज सकाळचे दहा वाजलेत. तुझा दुसरा प्रयोग रविवारी आहे. त्याआधी हे पत्र पूर्ण वाच.

पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांत बसायचं तर काय काय पाळायचं, याची तू मला कागदावर यादी करून दिली होतीस. अर्धा तास आधी पोहोच. फोन बंद कर. करकर वाजणाऱ्या चपला नकोत. तिसऱ्या घंटेनंतर उठायचं नाही. पडदा अडकला, दिवा चुकला, कोणी अडखळलं तर तोंडातून आवाज काढायचा नाही. प्रयोग संपल्यावर लोक फार कौतुक करतील, त्यातलं निम्मं खरं धर. मी ती यादी वाचून खूप हसले. सव्वीस वर्षं तुझ्या बाबांच्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर म्हणून उभी राहिलेल्या बाईला तिचा पोरगा नाटकाला कसं जायचं ते शिकवत होता. पण तुझंही बरोबर होतं म्हणा. मी सगळी नाटकं विंगेतून पाहिली, हातात बॅटरी आणि संहिता धरून, नटांच्या डाव्या गालाकडून. पहिल्या प्रयोगाला समोर खुर्चीत बसायची माझी ही पहिलीच वेळ.

कुठलं नाटक आहे ते तू मला सांगितलं नाहीस. बाबांच्या ट्रंकेत सापडलेलं, कधीच रंगमंचावर न आलेलं, आईला धक्का द्यायचाय, एवढंच म्हणालास. वरचं नावाचं पान गहाळ होतं म्हणून नाव तूच दिलंस. मी तिसऱ्या रांगेत बसले. शेजारी एक छान कपडे घातलेल्या बाई होत्या, तुझ्या मुख्य नटीच्या दातांच्या डॉक्टर. रंगाचा ताजा वास येत होता, पुढच्या रांगेतले तुझ्या कलाकारांचे नातेवाईक घंटा व्हायच्या आधीच हसायला तयार होऊन बसले होते. मला वाटलं, तुझ्या बाबांनी माझ्या नकळत कधीतरी एखादं नाटक लिहिलं असेल. मी खरंच उत्सुक होते, सोन्या.

पडदा उघडला. एक रिकामी होत आलेली खोली, दोरीने बांधलेली गाठोडी आणि मधोमध कापडाने झाकलेलं शिवणाचं मशीन. धाकटी बहीण आत आली आणि म्हणाली, "दार उघडंच आहे. आई गेल्यापासून कोणी लावलंच नाही वाटतं." मी त्या डॉक्टरबाईंचा दंड इतका घट्ट धरला की त्यांनी वाकून विचारलं, बरं वाटत नाहीये का. त्यांना काय सांगणार होते. ते वाक्य मी लिहिलंय. त्याच्या पुढचं आणि त्याच्याही पुढचं मीच लिहिलंय. ते नाटक तुझ्या बाबांचं नाही. माझं आहे.

तू तेव्हा तिसरीत होतास. माझी आई गेली आणि तिच्या सामानावरून मावशीचं आणि माझं वाजलं, इतकं की दोन वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. आणि भांडण कशावरून, तर त्या मशीनवरून. दुपारी तू शाळेत आणि बाबा दौऱ्यावर असताना मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जुन्या जाहिरातींच्या कोऱ्या बाजूंवर ते भांडण लिहीत गेले. पाच महिने लागले. मग वळणदार अक्षरात त्र्याऐंशी पानांची स्वच्छ प्रत काढली, कच्चे कागद रद्दीत घातले आणि प्रत त्यांच्या हातात दिली. दोन महिने मी विचारलं नाही. मग विचारलं तर म्हणाले, "वाचलं. भाषा बरी आहे. पण दोन बायकांचं भांडण बघायला कोण तिकीट काढणार?" मी प्रत परत मागितली तेव्हा म्हणाले, गोदाम बदलताना कुठेतरी गेली. मी म्हटलं, जाऊ दे. ते होते तोवर मी पुन्हा लिहिलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण मला तर वाटलं माझ्या शेतात पिकलंच नाही.

आता दुसऱ्या अंकातलं सांगते, ज्यावरून काल सगळे हसले. थोरलीचं काम करणारी तुझी नटी मशीनवर हात ठेवून उभी राहिली आणि कोरी झाली. प्रेक्षकांना तो विराम वाटला. मला कळलं, कारण वाक्य विसरलेल्या माणसाचा अंगठा आधी हलतो. आमच्या कामात मनात चार मोजायचे असतात. त्याआधी बोललं तर नटाचा विराम मोडतो, त्यानंतर बोललं तर नाटक मोडतं. मी चार मोजले. विंगेत कोणी नव्हतं, तुम्ही हल्ली प्रॉम्प्टर ठेवत नाही. आणि माझ्या तोंडून वाक्य गेलं, "मशीन तू ने. सुई तेवढी माझ्याकडे राहू दे." विंगेतून म्हटलं असतं तर फक्त तिला ऐकू गेलं असतं. तिसऱ्या रांगेतून ते अख्ख्या नाट्यगृहाला ऐकू गेलं. तिने वाक्य उचललं, लोक हसले, टाळ्या झाल्या. तुझ्या यादीतला नेमका तोच नियम मी मोडला.

त्या क्षणी मला वाटलं, आता कोणीतरी विचारणार. आजवर एकदाही न झालेल्या नाटकाचं वाक्य प्रेक्षकांतल्या बाईला पाठ कसं? पण कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांकडे उत्तर तयार होतं. बाबांनी लिहिलेल्या सहाही नाटकांच्या प्रती माझ्याच अक्षरात आहेत. आपल्या घरात अक्षर माझं असलं की मजकूर त्यांचा, हे तू लहानपणापासून पाहिलंस. शेवटी तू मला रंगमंचावर बोलावलंस आणि म्हणालास, आईने हे एकदाच उतरवून काढलं आणि एकतीस वर्षांनी तिला तोंडपाठ आहे, याला म्हणतात संसार. लोक उभे राहिले. एक पांढऱ्या दाढीचे समीक्षक पुढे येऊन म्हणाले की बायकांचं मन इतकं ओळखणारा पुरुष त्यांनी पाहिला नाही. मी हात जोडले आणि हसले. त्या हसण्याची मला सकाळपासून लाज वाटते आहे. पण तुझे डोळे भरले होते, तुझा हात माझ्या खांद्यावर होता. दुसऱ्यांना शब्द पुरवण्यात माझा जन्म गेला, पण माझ्या वेळेला माझ्याकडे एकही नव्हता.

तरी तोवरचं मी सहन केलं असतं. मग तू मला रंगपटात नेलंस, कापडात गुंडाळलेली मूळ प्रत माझ्या मांडीवर ठेवलीस आणि म्हणालास, बघ, बाबांनी लाल पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्यासुद्धा आहेत. तू चहा आणायला गेलास तेव्हा मी पानं उलटली. पहिल्या पानापासून समासात त्यांचं तिरकं लाल अक्षर आहे. नवव्या पानावर एका संवादाभोवती गोल काढलाय आणि "लांबण" असं लिहिलंय. दहाव्या पानावर काही नाही. अकराव्यावर नाही. मी एकेक करत त्र्याऐंशीव्या पानापर्यंत गेले, सोन्या, आणि पुढे एक रेघही नाही. तुझे बाबा वाचताना हातात पेन्सिल नाही असं कधी झालं नाही. जेवणाच्या यादीवरसुद्धा खुणा करायचे. त्यांनी ते वाचलंच नव्हतं. नवव्या पानावर ठेवून दिलं आणि मला म्हणाले, वाचलं.

एकतीस वर्षं मी त्या माणसाचं मत उराशी धरून बसले, आणि ते मत त्याने बनवलंही नव्हतं. वाचून वाईट म्हटलं असतं तर मी तो त्यांचा हक्क मानला असता. ते चोर नव्हते, हे मला लिहूनच ठेवायचंय. स्वतःचं नाव त्यांनी त्यावर कुठेही घातलेलं नाही. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी. मी रंगपटात बसून तुझा चहा प्यायले आणि छान झालं म्हणाले.

तुझ्यावर राग आहे का? आहे. थोडा. अक्षराने तू फसलास, लाल पेन्सिलीने तुझी खात्री झाली, ते मी समजू शकते. पण दोन बहिणी, मशीन, सुई? ते मशीन मावशीकडे आहे, दर सुट्टीत त्याचं चाक फिरवून तू तिच्या शिव्या खाल्ल्यास. दोन महिने तालमी घेतल्यास आणि तुझ्या मनात एकदाही आलं नाही की हे भांडण आपल्या घरातलं आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. सकाळी मी मावशीला फोन करून नाटकात काय होतं आणि ते बाबांच्या नावावर झालं, एवढंच सांगितलं. ती लगेच म्हणाली, "आपलं भांडण त्यांनी कसं लिहिलं असेल? ते तर तेव्हा दौऱ्यावर होते." एवढं तिला एका मिनिटात कळलं.

आता पत्राचं कारण. निघताना तू मला मिठी मारून म्हणालास की निर्मात्याला लगेच दुसरं नाटक हवंय, बाबांचं आणखी एखादं कुठे असेल तर शोधून ठेव. बाबांचं नाही. पण नाटक आहे. ते गेल्यानंतरच्या तीन वर्षांत मी लिहिलंय, एकशे दहा पानं, कपाटातल्या जाड वहीत. त्याची स्वच्छ प्रत मी मुद्दाम काढलेली नाही. पानोपानी खाडाखोड आहे, काही पानं तर तीनतीनदा लिहिलीत, म्हणजे हे दुसऱ्या कोणाचं उतरवून काढलंय असं कोणाला वाटायला नको. अजून कोणीही ते वाचलेलं नाही. रविवारी तिसऱ्या घंटेनंतर लेखकाचं नाव तूच सांगतोस, तेव्हा माझं नाव सांग. सगळ्यांसमोर चूक कबूल करताना तुझी मान खाली जाईल, ते मला माहीत आहे आणि तरीही मी हे मागते आहे. मग सोमवारी घरी ये. वही टेबलावर असेल. पेन्सिल आणू नकोस, आणि उठायचं ते शेवटचं पान झाल्यावरच.

रागावलेली, पण तुझीच,
आई