बाहेरच्या खोलीतली खाट

उठावं लागलं. परत येऊन बसलो आहे. वाक्य कुठवर आलं होतं आठवत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

मी, रेणुकादास त्र्यंबकराव किनगावकर, निवृत्त शिक्षक, राहणार मुरुड, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. परवा लातूरला प्रोस्टेटचं ऑपरेशन आहे. बुद्धी शाबूत आहे. गोंधळ आहे, पण तो बुद्धीचा नसावा.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी सौदामिनी हिला. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. पुस्तकं चिरंजीव अंबरीश, मुक्काम नांदेड, यास. तो ती रद्दीत घालेल. घालू द्यावी.

३. मेहुणे श्रीशैल यांना काही नाही. "भाऊजी साधू झाले" असं त्यांनी भर पंगतीत सांगितलं होतं.

४. बाहेरच्या खोलीतली लोखंडी खाट.

ही मी तिथे नेली, कारण न्हाणीघर जवळ. रात्री सारखं उठावं लागे, धार लागायला वेळ लागे, सौदामिनीची झोप मोडे. त्याच सुमारास दुसरंही बंद पडलं. आधी कोणतं, ते सांगता येत नाही. नुकतीच माझी षष्ट्यब्दीची शांत झाली होती. सौदामिनीने हळदीकुंकवात सांगितलं की यांनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. तेव्हापासून शेजारचे व्यंकटराव एकादशीला पाया पडून जातात.

"गुरुजी, लई अवघड हाय हे. आमच्यानं न्हाई होत."

मी आशीर्वाद देतो.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी लघवीचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "आणि बायकोजवळ जाणं?"

सौदामिनी शेजारीच होती. म्हणाली, "त्यांचं व्रत आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली. कशी हलवली, मलाच कळलं नाही.

"काका, या वयात ही दोन्ही दुखणी पुष्कळदा बरोबरच येतात. एक असलं की दुसऱ्याचं विचारावंच लागतं. ऑपरेशननं लघवीचा त्रास कमी होईल. दुसऱ्याची खात्री त्यानं देता येत नाही, त्याचे उपचार वेगळे बघू."

परतताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे मी नकोशी झाले नव्हते?"

"तूच व्रत म्हणत होतीस."

"मग काय सांगायचं होतं लोकांना?"

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मला वाटत होतं, तिचा व्रतावर विश्वास आहे. तिला काय वाटत होतं, ते आता विचारायचं कसं, कळत नाही. परत आलो तर आतल्या खोलीत जावं की नाही, हेही कळत नाही. मृत्युपत्रात हे बसत नसेल. न आलो तर खाट व्यंकटरावांना द्यावी, खरं कारण सांगून.

साक्षीदार व्यंकट मारोती शेळके आणि सोमेश बाबुराव हलगे यांनी माझ्यासमोर, मजकूर न वाचता, सह्या केल्या. व्यंकटरावांनी सहीआधी कागदाला नमस्कार केला.

मुरुड, १२ जानेवारी २०२५.
रेणुकादास त्र्यं. किनगावकर

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडलेलं: कागद टेबलावर उघडा राहिला होता. मी न्हाणीघरातून आलो तेव्हा खाट जागेवर नव्हती. सौदामिनी आणि व्यंकटराव ती आत नेत होते.

"व्रत सुटलं का, वहिनी?"

"नव्हतंच कधी. खाटेचे पाय वर घ्या, उंबरा आहे."

खाट तिच्या पलंगाला लागून ठेवली. मला म्हणाली, "दाराकडची बाजू तुमची. उठायला बरं."

कलम ४ बदलावं लागेल. काय लिहायचं, ते ठरलेलं नाही.