वेरोनिकाची काळी ओढणी कोणाकडे जावी याबद्दल

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि पास्कोल तितीवच्या कॉम्प्युटरवर मी एका बोटाने टाइप करते, अक्षर सापडायला वेळ लागतो.

मी सिप्रियाना बार्रेतो, वय एकोणीस, राहणार कोंडीमळ, सासष्टी. डोकं ठिकाणावर आहे, कोणी जबरदस्ती केलेली नाही, दारू प्यायलेली नाही. शेवटचं तितीवने लिहायला सांगितलं. तो माझ्या आईचा भाऊ, कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज टाइप करतो. म्हणाला, "हा कागद कोर्टात टिकायचा नाही, पण लिही. लिहिलंस की झोप लागेल." टिकणार नसेल तर लिहायचं कशाला? तरी लिहिते. मंगळवारी मडगावला माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, आवाज जाऊ शकतो, बहुतेक नाही जाणार. ह्यातलं कुठलं धरायचं?

माझी सायकल मांयला. तिला चालवता येत नाही, पण विकू नये. कोंबड्याही मांयला. त्या तिच्याच आहेत, मग हे लिहायला हवं का माहीत नाही.

चर्चच्या माळ्यावर गाणाऱ्यांच्या कॉयरमध्ये माझी खांबामागची जागा आहे, ती कोणालाही द्या. तिथून खालचे लोक दिसत नाहीत, त्यांना आपण दिसत नाही. शाळेत उभं राहून वाचायला लावायचे म्हणून मी आठवीत शाळा सोडली. खांबामागे मला कधी भीती वाटली नाही. खर्जात गाणाऱ्या रोकला काही देऊ नये, तो मला "मुकी" म्हणतो. बरं, गाण्याच्या पानांना लावायचा माझा चिमटा द्या, त्याची पानं पंख्याने उडतात.

आता ओढणी. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत, क्रूस नेणाऱ्या येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका झालेली मुलगी काळी ओढणी घेऊन स्टुलावर उभी राहते, येशूचा चेहरा काढलेलं कापड उलगडते आणि एकटी गाते. गाणं संपेपर्यंत कापड गुंडाळायचं नाही. त्या दिवशी बाजा, घंटा सगळं बंद. सूर कॉयरचे तोमास मास्तर तोंडाने देतात. गेल्या वर्षी वेरोनिका एर्मेलिंदा होती. मास्तर सूर मनात धरून चर्चपासून चालत आले आणि चालता चालता तो वर चढला. तिचा आवाज वरच्या जागी फाटला. ती कापड उघडं धरून उभीच. मी मागे बायकांत होते. माझ्या तोंडून पुढचं गाणं खालच्या सुरात निघालं, शेवटपर्यंत गेलं. लोक म्हणाले, काय सुंदर, दोन आवाजांत बसवलंय. मास्तरांनी मान डोलावली.

तेव्हापासून एर्मेलिंदा माझ्याशी बोलत नाही. मी तिला सावरलं की तिचं हिसकावलं? फादर म्हणाले, दोन्ही असू शकतं. मग मी काय समजू? यंदा मास्तरांनी ओढणी माझ्या हातात ठेवली. "तू गा. हवं तर स्टूल बुटकं करून घेतो." मला नको होती. पण रोज डोक्यावर घेऊन आरशात बघते, म्हणजे हवी असेल.

तर मी मेले किंवा आवाज गेला, तर ओढणी एर्मेलिंदाला. काही झालं नाही तरी तिलाच, असं लिहिणार होते. तितीव म्हणाला, "अगं, जिवंतपणी द्यायचं ते तोंडाने सांगतात." ते जमत नाही म्हणून तर लिहिते.

दुसरा साक्षीदार हवा म्हणून तितीवने मला न विचारता समोरच्या शिवणाच्या दुकानातून एर्मेलिंदालाच बोलावलं. तिने माझ्या मागे उभं राहून सगळं वाचलं.

"आवाज फाटला असं लिहिलंयस."

"फाटला होता," तितीव म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो. तुम्ही मिरवणुकीत मोबाईल बघत होता."

तितीवने तिला समजावलं की ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. सही केलीस तर ओढणीवर पाणी सोड.

तिने माझ्या गळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पेन द्या."

"अजून छापलं नाही, थांब की," तितीव म्हणाला.

"सिपू," ती मला म्हणाली, "सूर मास्तरांकडून घेऊ नकोस. मी स्टुलापाशी उभी राहीन. खालचा देते."

आवाज गेला तर काय, ते ती बोलली नाही. राग गेलाय का, तेही नाही. कलम तसंच ठेवलंय, पण आता ओढणी कोणाची, मला माहीत नाही.

सही: सिप्रियाना बार्रेतो
साक्षीदार: पास्कोल मिनेझिस
साक्षीदार: एर्मेलिंदा वाझ
कोंडीमळ, शनिवार, १५ मार्च २०२५

आत्ताच कळलं, पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचा भोंपू चोरीला गेला. उद्या पाव आलेला ऐकू येणार नाही, दारात उभे राहा.