फाटकाच्या आतल्या बाया

माय, तुला जाऊन बावीस वर्षं झाली. आता मी सोनपेठच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगची मॅनेजर आहे. तू कामाला जायचीस ती ही नव्हे, पण सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रं तशीच घरघरतात आणि बाया तशाच ढिगाशी बसून कापसातला कचरा वेचतात. तू संध्याकाळी यायचीस तेव्हा तुझ्या भुवयांवर रुई चिकटलेली असायची. अंगणात तोंड धुऊन मगच चुलीजवळ बसायचीस. एकदा मी तुझं तोंडाला बांधायचं फडकं घेऊन खेळत होते, तर तू पाठीत धपाटा घातलास. "त्याच्यात माझा खोकला हाय. ठिव ते." खोकला फडक्यात कसा राहतो, ते मला कळलं नाही. भाकरी थापता थापता तू थांबतेस, परातीच्या काठाला धरून खोकतेस आणि तवा नुसताच तापत राहतो, हे मला अजून दिसतं.

तुझा मालक वाईट माणूस नव्हता. दरवर्षी शाळेत वह्या वाटायचा, मलाही मिळायच्या. "लय मोठ्या मनाचा हाय," तू म्हणायचीस. त्याच मालकाला तुम्ही बायांनी एकदा धूळ बाहेर फेकणारा पंखा मागितला, तेव्हा तो म्हणाला होता, "पुढच्या साली बघू." ते साल आलं नाही. परभणीच्या दवाखान्यात तू गेलीस, तेव्हा तुझं वय माझ्या आजच्या वयाहून कमी होतं.

आमचा मालक तरुण आहे, पुण्याला शिकलेला. दिवाळीनंतर त्यानं मला बोलावलं. म्हणाला, "मॅडम, आपणही समाजासाठी काहीतरी केलं पाहिजे. शाळेला कमान बांधून देऊ. वर आपलं नाव."

मी म्हटलं, "सर, आधी आतली धूळ ओढून घेणारे पंखे बसवू. बायांना रोज नवे मास्क देऊ."

"ते कारखान्याचं काम झालं. त्याला समाजकार्य कोण म्हणेल?"

"या बाया म्हणजेच गाव आहे, सर. मागच्या हंगामात निम्म्या आजारी पडल्या, तेव्हा कापसाच्या गाड्या फाटकाशी उभ्या राहिल्या. तुम्ही स्वतः बाया शोधत घरोघर फिरलात. गावच खोकत बसलं तर जिनिंग चालवणार कोण? आणि नाही थांबली जिनिंग, तरी त्यांचा जीव आपल्या दारात जातोय."

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. "हंगाम संपू द्या," म्हणाला.

त्यानंतर आठ दिवसांत ढिगाशी बसलेली एक बाई कोसळली. झरी गावची लेक, इकडे नांदायला आलेली. मी तिला जीपमध्ये घातलं. ती म्हणते, "बाई, निजवू नका. निजलं की दम लागायलाय." परभणीपर्यंत ती माझ्या खांद्याला धरून बसून होती. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं कापसात? चौदा. "आता पुन्हा कापसात जायचं नाही." तिनं डॉक्टरांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "माझी जागा कुणाला देऊ नका, बाई." पाचव्या दिवशी ती परत ढिगाशी होती. मी तिला ऑफिस झाडायचं काम देऊ केलं, पण ऑफिसला आधीच एक बाई होती आणि तिला काढा असं म्हणायला हिची जीभ रेटेना.

त्याच आठवड्यात आमची रुई घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं तपासणीला आली. सकाळी सगळ्या बायांना कोरे मास्क वाटले. बाया एकमेकींना बघून हसत होत्या. माणसं फिरून गेली आणि संध्याकाळी मास्क मोजून परत खोक्यात भरले. एकीनं विचारलं, "ह्यो एक ठिवू का मी?" मुकादमानं तिच्या हातातून घेतला. मी तिथंच उभी होते. फॉर्मवर प्रश्न होता, कामगारांना धुळीपासून रोज संरक्षण मिळतं का. मी 'होय' लिहिलं आणि सही केली. मालक शेजारी उभा होता, पण माझा हात धरून त्यानं ते लिहून घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, पंखे बसले नाहीत तर पुढच्या तपासणीला माझी सही मिळणार नाही. तो म्हणाला, "मॅडम, सही करणारं दुसरं कुणी मिळेल." खरंच मिळेल. मी गेले तर इथं बोलणारं कुणी राहणार नाही, आणि राहिले तर माझ्या बोलण्यानं एक पंखासुद्धा फिरत नाही. माय, मी काय करू? कमान मात्र झाली. छान झाली आहे. उद्घाटनाला याच बायांच्या पोरींनी स्वागतगीत म्हटलं आणि मी टाळ्या वाजवल्या.

हे सगळं मी ऑफिसात बसून लिहायलेय. पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि असता तरी मी हा कागद खणातच ठेवला असता. माझ्या टेबलामागे एक खिडकी आहे, ती कापसाच्या ढिगाकडे उघडते. इथं आल्यापासून मी ती एकदाही उघडलेली नाही. धूळ येते.