हुकांच्या तीन ओळी

३ नोव्हेंबर, अमरावती
काल अकोल्याहून मयुरीची मापं घेऊन आले. छाती ३३, कंबर २८. माझ्या या धाकट्या बहिणीचं प्री-वेडिंग शूट २१ डिसेंबरला, चिखलदऱ्याला. फोटोग्राफरने नमुना पाठवलाय: पांढरा बॅले गाऊन, वर चोळीसारखी घट्ट बॉडिस, खाली नेटचे सात थर. फोटोतल्या मुलीची कंबर फार तर २४.
"ताई, सव्वीसवर काप. तवर होऊन जाईन मी."
"कापड माणसाच्या मापाने कापतात."
"तू कॉलेजातल्या पोरींले शिकव. मले नको शिकवू."
२८ वर कापलं.

८ नोव्हें.
गाऊनसाठी वाचतेच आहे, म्हणून फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला बॅलेचे पोशाख आधी शिकवायला घेतले. सुरुवातीला दरबारी कपडे: जड, मुखवटे, टाचेचे बूट. मग पावलांचं काम दिसावं म्हणून घागरा घोट्याच्या वर गेला, टाचा गेल्या. मग पांढरा झिरझिरीत घेर, घंटेसारखा. शेवटी ताटासारखा आडवा, आखूड टुटू. तिथून फॅशनने काय उचललं ते फळ्यावर बाण काढून दाखवलं. बाजारात आपण बेली म्हणतो ते चपटे बूट, साटीनच्या रिबिनी, गुंडाळून बांधायचे रॅप टॉप, नेटचे फुगीर स्कर्ट, लग्नाचे गाऊन.
बारीक कमरेचा बाण काढला नाही. कुणी विचारलंही नाही.

१६ नोव्हें., अकोला
कंबर २६½. दोन आठवड्यांत दीड इंच. बॉडिस आत घेतली. मार्जिन कापलं नाही, आत दुमडून ठेवलं.
नाश्त्याला आलूबोंडे आणले होते. मयुरी एका वेळी तीन खाणारी. आज एक फोडला, वाफ जाऊ दिली, बशी आईकडे सरकवली.
आई आमच्या फुलांच्या दुकानासाठी शेवंतीचे हार ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "लग्नाच्या अगोदर साऱ्याच पोरी वायतात, बारीक होतात. मी काय कमी वायली होती? तू काहून टेप घेऊन मांगं लागली तिच्या?"
टेप तर मीच आणला होता. तो गुंडाळून ठेवला.

२० नोव्हें.
मयुरीच्या होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. त्याने तिच्या बांध्याबद्दल कधी काही म्हटलंय का, सरळ विचारलं. तो गोंधळला. "नाही ताई. मला ती आहे तशीच आवडते." खरं बोलत होता.
मयुरीला सांगितलं. "तो तर असंच म्हणणार."
म्हणजे दोष द्यायलाही कुणी नाही.

२४ नोव्हें.
आज वर्गात गॅसच्या दिव्यांचा भाग. त्या काळी रंगमंचावर उघडी ज्योत, नर्तकींच्या अंगावर झिरझिरीत कापड. घेर पेटायचे. न पेटणारं कापड करता येत होतं; द्रावणात बुडवायचं. पण ते कडक व्हायचं, पांढरं मळकट दिसायचं. एकीने नको म्हटलं. तिचा घेर पेटला, ती वाचली नाही.
मागच्या बाकावरून: "मॅडम, तिले कोणी सांगतलं नाही का?"
"सांगितलं होतं."
हजेरी घेतली.

३० नोव्हें., अकोला
काल दुकानात मयुरी फुलांच्या पोत्यावर बसली ती उठताच येईना. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. गोळ्या, जेवण. गोळ्यांचं पाकीट शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, अख्खं.
"चोवीस झाली का थांबतो, ताई. तुयी शपथ."
त्याच ड्रॉवरमध्ये आईचा जुना टेप. ताणलेला आहे. स्टीलच्या पट्टीवर मीच तपासला होता: पंचवीस इंचांना चोवीस दाखवतो. हा वापरायचा नाही, असं घरात बजावलेलं.
आज तोच वापरला. खरी कंबर २५. तिला म्हटलं, चोवीस.
तिने टेप हातात घेऊन आकडा पाहिला. हसली. रात्री अर्धी भाकर खाल्ली, वांग्याच्या भाजीशी.
आयुष्यात पहिल्यांदा माप खोटं सांगितलं. वाईट वाटलं नाही.

५ डिसें.
आईचा फोन: "दोन टाइम जेवून राहिली पोरगी. तू उगीच घोर लावून घेते."
‘दोन टाइम’ या शब्दांखाली दोनदा रेघ मारली आहे.

७ डिसें., अकोला
मयुरीने स्वतः नवा टेप विकत आणला. मी पोचायच्या आत मोजून बसलेली.
"सव्वापंचवीस. आठ दिवसांत सव्वा इंच वाढली मी. भाकरीनं."
वाढ पाव इंचाची. तिला जुन्या टेपचं सगळं सांगितलं. दोन्ही टेप पट्टीवर लावून दाखवले. तिने नीट पाहिलं.
"तू माह्या मनासाठी बोलून राहिली."
"पट्टी समोर आहे, मयुरी."
"मंग त्या दिवशी काहून खोटं बोलली? आन् आज खरं बोलते, हे मी कशावरून समजू?"
आईने हार खाली ठेवला. कुणी जेवलं नाही.

१३ डिसें.
बॅलेची एक बॉडिस अनेक जणी वापरतात. म्हणून मागे हुकांच्या दोन-तीन ओळी असतात, आत नावांची पट्टी: एक नाव खोडून खाली दुसरं. वर्गात सांगितलं, मग घरी तसंच केलं. दुमडलेलं मार्जिन उसवलं, तीन ओळी लावल्या: २४, २६, २८. आत पट्टी शिवली. एकच नाव, मयुरी. तिन्ही मापांना तीच.

२० डिसें., अकोला
उद्या पहाटे गाडी येणार. शेवटची ट्रायल. नेट उत्तम पडलंय. आई बघत राहिली, म्हणाली, "हंसावानी दिसते." मग मयुरीच्या खांद्याच्या हाडावर हात ठेवला आणि काढला नाही. माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तसं पाहिलं.
मयुरीने हात मागे नेऊन बाहेरच्या दोन ओळी चाचपल्या, सोडून दिल्या. आतली, चोवीसची, लावली. तरी पाठीत माझं बोट सहज जातं.
"ढिली आहे, ताई. अजून एक ओळ लावून दे ना."
आई म्हणाली, "देऊ नको." मयुरी म्हणाली, "मी पिना लावीन मंग."
पिना लावल्या तर नेट फाटेल, पाठीला टोचतील. दोघी माझ्याकडे बघून राहिल्यात. हुकांचं पाकीट माझ्या हातात आहे. उघडलेलं नाही.