पत्र्याच्या शेडचा शंभरावा हिस्सा, डेस पाइक यास

मी, नेव्हिल जॉर्ज टकवेल, वय एकोणऐंशी, माजी नगरसेवक व हौशी मुष्टियोद्धा, राहणार बारांगा, न्यू साउथ वेल्स, हे पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. तरुणपणी डोक्यावर पुष्कळ ठोसे खाल्लेत, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नगरसेवक डेस पाइक तो भिंगातून वाचणार, हे मला ठाऊक आहे. माझी याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

राहते घर व बँकेतली शिल्लक माझी मुलगी ग्लेनिस हिला. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. हौशी स्पर्धेतले राज्याचे कांस्यपदकही तिलाच. ते सोन्याचे नाही, हे ती दर नाताळात पाहुण्यांनी न विचारताच त्यांना सांगते.

जुनी पिकअप गाडी अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांना. तिचा दुसरा गिअर पडत नाही. शिव्या घातल्या की पडतो.

शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर गावकामासाठी पैसे जमवायला सॉसेज भाजायचा माझा चिमटा फुटबॉल क्लबला. लोकांनी मला वारंवार निवडून दिले ते भाषणांसाठी नव्हे, मी कांदा करपू देत नसे म्हणून. डेसच्या माणसांनाही सॉसेज द्यावे. कांदा कमी घालावा.

आता शेड. घरामागच्या या पत्र्याच्या शेडमध्ये मी गावच्या पोरांना बॉक्सिंग शिकवले, आणि आता ग्लेनिस मुलींना शिकवते. ही जागा नगरपरिषदेने सक्तीने घेऊन तिथे वाहनतळ करावा, असा डेसचा ठराव तयार आहे. माझे डोळे मिटायची तेवढी वाट बघतोय. नऊ नगरसेवकांत, त्याला धरून, पाच मते त्याची. मुलींना जायला दुसरी जागा नाही, आणि हे मला फार लागलेले आहे.

सबब, शेडचे नव्व्याण्णव हिस्से ग्लेनिसला आणि शंभरावा हिस्सा नगरसेवक डेसमंड पाइक यास.

हे ऐकून माझ्या वकील मिस पेट्राकिस यांनी चष्मा काढला. "मिस्टर टकवेल, अहो, त्या माणसाला?"

"ज्या मालमत्तेचा ठराव, तीत नगरसेवकाचाच हिस्सा निघाला तर?"

"तर सभेत तसं जाहीर करून त्यानं दालनाबाहेर जायचं. मत देता येत नाही." आणि बाई खुदकन हसल्या. "म्हणजे चार विरुद्ध चार!"

"आणि बरोबरी झाली की निर्णायक मत नगराध्यक्षाबाईंचं. त्या आमच्या बाजूच्या."

"पण पाइक यांनी हिस्सा घ्यायलाच नकार दिला तर?"

"तर तो त्याच्या बायकोला, बेरिलला. बायकोची मालमत्ता असली तरी नवऱ्याला बाहेर जावं लागतंच की!"

बेरिल तेव्हा आमच्याच स्वयंपाकघरात होती. तिची नात टिली ग्लेनिसकडे शिकते, तिला सोडायला आली होती. ती हात पुसत बाहेर आली. "आण इकडे, मी करते साक्षीदार म्हणून सही."

"ज्यांना काही मिळू शकतं, त्यांना साक्षीदार होता येत नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"मग चहा टाकते. आणि नेव्ह, ऐक, मी काही नाकारणार नाहीये. आमच्या घरी रोज जेवणात त्याचा तो मेला वाहनतळ असतो!"

डेस, आता हे तुझ्यासाठी. तुला बाहेर काढतील तेव्हा तिथल्या बाकावर फुगून बसू नकोस. रस्ता ओलांड, समोरच आमची शेड उघडी असेल. तुझ्या टिलीचा उजवा हात झकास आहे. डावा अगदीच पांगळा. बासष्ट सालच्या शेतकी जत्रेत, सगळ्या गावासमोर, तू मला ज्या डाव्या ठोशाने आडवा केलास, तो तिला शिकव. मीच शिकवला असता रे. पण लेका, तो येताना मला दिसलाच नव्हता.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी हसलो आणि सही केली.

(सही) नेव्हिल जॉर्ज टकवेल

साक्षीदार, ज्यांना चहाखेरीज माझ्याकडून काहीही मिळणार नाही:
१. कॉलम ड्रिस्कॉल, खाटीक (सही)
२. थू त्रान, ग्रंथपाल (सही)

स्थळ: बारांगा
दिनांक: १४ मार्च २०२३